स्टुडिओतली फुकटची खुर्ची

(गेल्या वर्षी गणेशोत्सवात, मंडळाच्या सभागृहात सभासदांच्या अनुभवकथनात केलेले भाषण. वक्ते इंदूर येथे लोकनिर्माण विभागात उपयंत्री आहेत.)



गेल्या आठवड्यात आपले सचिव घरी आले आणि म्हणाले, "तुम्ही टीव्हीच्या त्या प्रश्नांच्या कार्यक्रमाला जाऊन आलात ना? त्यावर वीस मिनिटं बोला." मी म्हटले, "अहो, मी स्पर्धक नव्हतो. प्रेक्षकांत बसलो, टाळ्या वाजवल्या आणि परत आलो." ते म्हणाले, "तेच सांगा. स्पर्धक व्हायचं नशीब कुणाचं? पण प्रेक्षकांत बसायला अर्ध्या मंडळाला जायचंय, आणि तिकीट कुठे मिळतं ते कुणालाच ठाऊक नाही."

तर मी तिकिटाबद्दल सांगणार आहे. शेवटी थोडे माझ्या एका चुकीबद्दलही सांगणार आहे. मी डिप्लोमावाला माणूस. रस्त्यावर गिट्टी किती जाडीची पडली ते सांगायची सवय, भाषणाची नाही. सांभाळून घ्या.

आमच्या घरी हे वेड आणले ते बाबांनी. ३ जुलै २००० रोजी 'कौन बनेगा करोडपती' सुरू झाले, तेव्हा बाबा पोस्टात नोकरीला होते. रात्री नऊ वाजता इंदूरचा रस्ता कसा ओस पडायचा ते तुमच्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. मूळ कार्यक्रम इंग्लंडचा, १९९८ सालचा. पण आपल्याकडे तो असा रुजला की जणू इथलाच. त्याच वर्षी पहिला करोडपती झाला तो हर्षवर्धन नवाथे, मुंबईचा मराठी मुलगा. बाबांनी दुसऱ्या दिवशी पोस्टात पेढे वाटले, जणू घरचाच मुलगा पास झाला. पुढे २०१३ साली सचिन खेडेकरांचा मराठी अवतार आला. २०१९ साली अमरावती जिल्ह्यातल्या, शाळेत मुलांची खिचडी शिजवणाऱ्या बबिता ताडे यांनी एक कोटी जिंकले. त्या रात्री बाबा टीव्हीसमोर उभे राहून टाळ्या वाजवत होते.

बाबा निवृत्त झाले, आई गेली, कानाला मशीन आले, पण प्रश्न सुटले नाहीत. एक दिवस जेवताना सहज म्हणाले, "एकदा तिथे बसून बघायला पाहिजे रे. खुर्चीत नाही, मागे." बाबांनी आयुष्यात काही मागितलेले मला आठवत नाही. मी मनावर घेतले.

आता माझी पहिली चूक ऐका. मला वाटले, तिकीट आहे म्हणजे ते कुठेतरी विकत मिळत असणार. इंटरनेटवर शोधले, एक नंबर सापडला. पलीकडचा गृहस्थ फार गोड बोलला. एक पास हजाराचा, पुढची रांग हवी असेल तर पाचशे जास्त. मी म्हटले, बाबांना पुढेच बसवू. चार पासांचे सहा हजार पाठवले. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, 'गेट चार्ज' वेगळा पाठवा. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. तोवर उशीर झाला होता.

म्हणून पहिली गोष्ट पक्की लिहून घ्या. अशा कार्यक्रमांत प्रेक्षकाची खुर्ची विकली जात नाही. ती फुकट असते. उलट मुंबईत प्रेक्षक पुरवणारी माणसे असतात, ती चित्रीकरणाला माणसे आणतात आणि काही ठिकाणी बसणाऱ्यालाच दिवसाचे पैसे मिळतात. तेव्हा कुणी पैसे मागितले की तिथेच थांबा. 'करोडपती'च्या नावाने पंचवीस लाखांची लॉटरी लागल्याचे व्हॉट्सॲप मेसेज तुम्हालाही आले असतील. तोही त्याच जातीचा धंदा. फसलात तर माझ्यासारखे लाजेने गप्प बसू नका, लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. मी बायकोलाही सांगितले नव्हते. तिला आज, इथे बसूनच कळते आहे. (हशा) घरी गेल्यावर माझे काय होईल ते बाप्पाच जाणे.

मग खुर्ची मिळते कशी? मला दिसलेले मार्ग तीन. एक, स्पर्धकाबरोबर येणारे घरचे लोक. त्यांची जागा ठरलेली. दोन, कार्यक्रमात काम करणारा कुणी ओळखीचा. तीन, आणि आपल्यासाठी हाच खरा, गटाने जाणे. महिला मंडळे, महाविद्यालये, ज्येष्ठ नागरिक संघ, अशांना कार्यक्रमवाले एकदम वीस-पंचवीस जागा देतात. त्यांनाही ते सोयीचे असते. एकाला फोन केला की पंचवीस खुर्च्या भरल्या. आमची डोंबिवलीची मावशी तिथल्या महिला मंडळात आहे. तिच्या गटातल्या चार बायका ऐनवेळी गळाल्या आणि आमच्या चौघांची नावे त्यात गेली. कार्यक्रमाचे नाव मी सांगत नाही. ज्यांनी प्रेमाने बसवून घेतले, त्यांचे नाव माझ्या चुकीच्या गोष्टीत नको.

मावशीने फोनवर सूचनांची यादीच वाचली. सर्वांचे आधार कार्ड. पांढरे कपडे नकोत, बारीक रेघांचे आणि चौकड्यांचे नकोत, कॅमेऱ्यात ते थरथरतात. छातीवर कंपनीचे नाव असलेला शर्ट नको. बायकांनी ठसठशीत रंगाच्या साड्या. आणि शाल घ्या. मे महिन्यात शाल? मी हसलो. पण स्टुडिओत इतकी थंडी होती की बाबांच्या शालीचे एक टोक नंतर मीच ओढून घेतले.

अवंतिका एक्सप्रेसने संध्याकाळी निघालो, पहाटे बोरिवलीला उतरलो. तिथून लोकलने गोरेगाव आणि पुढे रिक्षाने दादासाहेब फाळके चित्रनगरी. ही जागा म्हणजे एक डोंगरच आहे. राष्ट्रीय उद्यानाला लागून, चढ-उताराचे रस्ते, मधेच एक देऊळ, जवळ गेलात तर प्लायवुडचे. बाबांनी चप्पल काढून हात जोडले होते! आत चालणे खूप आहे, म्हातारी माणसे बरोबर असतील तर रिक्षा शेवटपर्यंत न्या.

अकरा वाजता बोलावले होते. चित्रीकरण सुरू झाले साडेतीनला. हे साडेचार तास म्हणजे तिकिटाची खरी किंमत. मोबाइल जमा करतात. घरून नेलेले पोहे बाहेरच संपवावे लागतात. रांगेत कळले, पास आहे म्हणजे खुर्ची आहे असे नाही. काही लोक येत नाहीत, म्हणून बोलावतानाच जास्त बोलावतात आणि भरले की दार बंद. मला राग आला. पण नंतर वाचले, जगभर हीच रीत. अमेरिकेत 'द प्राइस इज राइट' हा खेळ १९७२ पासून चालू आहे. तिथे स्पर्धकच प्रेक्षकांतून निवडतात, म्हणून गर्दी अधिक. तिकीट तिथेही फुकट आणि तिथेही जागांपेक्षा तिकिटे जास्त. रिकामी खुर्ची कॅमेऱ्याला चालत नाही, एवढेच त्यामागचे कारण. म्हणून वेळेआधी पोहोचा.

आत शिरण्यापूर्वी एक कागद दिला. दोन पाने, बारीक अक्षर. शेवटी सही. मी न वाचता सही केली. सरकारी माणूस, हाताला सवय. बाबा मात्र चष्मा लावून शेवटपर्यंत वाचत बसले. मागचे लोक चुळबुळ करू लागले. मी म्हटले, "बाबा, करा हो सही, सगळ्यांनी केलीय." हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे कामाला येणार आहे.

आता बसण्याचे. आपल्याला वाटते, आधी गेलो तर हवी ती जागा. तसे नसते. वॉकीटॉकी घेतलेली एक मुलगी एकेकाला बघून जागा देत होती. लाल-पिवळ्या साड्या पुढे. माझा राखाडी शर्ट मागे, वरच्या पायऱ्यांवर मधोमध. आणि बाबा? गुडघे दुखतात, चढता येणार नाही, म्हणून खाली अगदी कडेला, दाराजवळ, अनोळखी माणसांत. मी तिच्याशी वाद घातला. म्हटले, "वडिलांना ऐकू कमी येतं, मला शेजारी बसू द्या." ती म्हणाली, "काका, स्क्रीनवर सगळं लिहून येतं. काळजी नका करू." वीस-बावीस वर्षांच्या मुलीने मला काका म्हटले याचेही दुःख होतेच. इतक्या लांब बाबांसाठी आलो आणि बाबा एकटे तिकडे! मी धुसफुसत वर जाऊन बसलो.

सुरुवातीला नुसत्या टाळ्यांचे चित्रीकरण. हसा, आश्चर्य दाखवा, उभे राहून टाळ्या वाजवा, पुन्हा वाजवा. हे तुकडे नंतर हवे तिथे लावतात. टीव्हीवर आपण ज्या बाईला अचूक उत्तरानंतर डोळे पुसताना पाहतो, तिने ते डोळे कदाचित दोन तास आधी एसीमुळे पुसलेले असतात. प्रत्येक खुर्चीला चार बटणांचे छोटे यंत्र. स्पर्धकाने प्रेक्षकांचे मत मागितले की आपल्याला दहा-एक सेकंद मिळतात, त्यात एक बटण दाबायचे.

हे यंत्र म्हणजे शोभेची वस्तू नाही, बरे का. २०२० साली करोनामुळे स्टुडिओत प्रेक्षक बसवता येईनात, तेव्हा 'कौन बनेगा करोडपती'मधून प्रेक्षकांना विचारण्याची ती लाइफलाइनच काढावी लागली होती. प्रेक्षक आले तशी पुढच्या वर्षी ती परत आली. म्हणजे आपण तिथे नुसते पाहुणे नसतो, खेळाचा भाग असतो. हे मला त्या दिवशी समजले, पण जरा उशिरा.

दुसऱ्या भागात एक ताई बसल्या होत्या. लहान गावच्या. शिवणकाम करून घर चालवतात. सूत्रसंचालकांनी विचारले, जिंकलेल्या पैशांचे काय करणार? त्या म्हणाल्या, "घरावर पत्रा आहे, स्लॅब टाकायचाय." माझे कान टवकारले. स्लॅब हा आपला विषय. मी मनात हिशोबही केला, किती चौरस फूट, किती खर्च. त्या दीड-दोन लाखांच्या टप्प्यावर पोहोचल्या आणि प्रश्न आला. संविधान सभेने भारताची राज्यघटना कोणत्या दिवशी स्वीकारली? पर्याय चार. त्यात २६ नोव्हेंबर १९४९ आणि २६ जानेवारी १९५० हे दोन.

ताई अडखळल्या. म्हणाल्या, "मला प्रेक्षकांचं मत घ्यायचंय." संगीत सुरू झाले. माझ्या शेजारचे गृहस्थ रांगेपासून सगळ्यांना सामान्यज्ञान शिकवत होते. ते मोठ्यांदा कुजबुजले, "सव्वीस जानेवारी! शाळेतली पोरंही सांगतील." पुढच्या रांगेतल्या दोघी मागे वळून बघत होत्या, त्यांनी मान डोलावली. मी इकडे पाहिले, तिकडे पाहिले आणि २६ जानेवारीचे बटण दाबले.

मित्रहो, मी राज्य शासनाचा नोकर आहे. २०१५ पासून दर २६ नोव्हेंबरला संविधान दिवस असतो. आमच्या कार्यालयात सगळे एका रांगेत उभे राहतो आणि घटनेची उद्देशिका मोठ्याने वाचतो. त्या उद्देशिकेतच शेवटी तारीख लिहिलेली आहे, २६ नोव्हेंबर १९४९. मी ती तारीख माझ्या तोंडाने, वर्षानुवर्षे, मोठ्याने वाचत आलो आहे. आणि शेजारचा माणूस कुजबुजला म्हणून दहा सेकंदांत विसरलो.

पडद्यावर आकडे आले. २६ जानेवारीला साठ टक्क्यांच्या वर. ताईंनी आमच्याकडे पाहिले, हसल्या, म्हणाल्या, "एवढी माणसं म्हणतात म्हणजे बरोबरच असणार." आणि उत्तर लॉक केले.

उत्तर चुकले. ताई दहा हजारांवर आल्या. स्टुडिओत एकदम शांतता. त्यांना रडू आले नाही. त्या उठल्या, सूत्रसंचालकांना नमस्कार केला, आणि मग आमच्याकडे वळून आम्हालाही हात जोडले. आम्हाला! त्यांचा स्लॅब पाडणाऱ्या माणसांना. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "अरेच्या, नोव्हेंबर होय!" आणि पुढचा प्रश्न सुरू झाला.

रात्री लोकलमध्ये मी बाबांना विचारले, "तुम्ही काय दाबलंत?" ते म्हणाले, "नोव्हेंबर." मी म्हटले, "कसं काय?" तर म्हणाले, "त्या गाण्या-टाळ्यांनी कान किटले, म्हणून मशीन काढून खिशात ठेवलं होतं. शांतपणे प्रश्न वाचला. लिहिलं होतं 'स्वीकारली'. सरकारी कागद मंजूर एका तारखेला होतो आणि लागू दुसऱ्या तारखेला. जानेवारीत लागू झाली, म्हणजे मंजूर आधी झाली असणार. तू नोकरीत आहेस ना रे?"

मी खिडकीबाहेर बघत बसलो.

घरी आल्यावर मी कागद-पेन्सिल घेऊन हिशोब मांडला. समजा शंभर प्रेक्षक आहेत. फक्त वीस जणांना उत्तर माहीत आहे, ऐंशी जणांना काहीच माहीत नाही. ते ऐंशी आपापल्या मनाने चार पर्यायांत विखुरले, तर प्रत्येक पर्यायाला वीस-वीस. बरोबर उत्तराला जाणत्यांचे वीस मिळून चाळीस. म्हणजे ऐंशी अज्ञानी बसले असले तरी बरोबर उत्तर दुपटीने पुढे! इंग्लंडच्या फ्रान्सिस गाल्टन यांनी १९०७ साली असेच एक निरीक्षण छापले होते. जत्रेत एका बैलाच्या वजनाचा अंदाज सुमारे आठशे लोकांनी चिठ्ठ्यांवर लिहून दिला होता. त्या सगळ्या अंदाजांच्या मधला आकडा निघाला १२०७ पौंड आणि खरे वजन होते ११९८. नवलच ना? पण अट एकच. प्रत्येकाने आपली चिठ्ठी आपण लिहायची. शेजाऱ्याकडे बघून लिहिली की आठशे माणसांचे एकच माणूस होते, आणि ते नेमके सगळ्यात मोठ्याने बोलणारे असते.

म्हणजे ताईंचे नुकसान आमच्या अज्ञानाने केले नाही. माहीत नसणे हा गुन्हा नाही. एकमेकांकडे बघून बटण दाबण्याने केले. आणि ज्याला माहीत होते, त्या मीही तेच केले, हे सर्वांत वाईट.

आमच्या खात्यात माप पुस्तिका असते, तिला आम्ही एम.बी. म्हणतो. झालेल्या कामाची मोजमापे उपयंत्री त्यात लिहितो, सही करतो आणि मग ठेकेदाराचे बिल निघते. अनेकदा म्हणतात, "साहेब, सगळं मोजून झालंय, फक्त सही बाकी आहे." पूर्वी ते वाक्य ऐकले की पेन आपोआप उघडायचा. आता ते ऐकले की मला 'सगळ्यांनी केलीय' हे माझेच वाक्य आठवते आणि मी टेप मागवतो. मी फार बदललो असा दावा नाही. उन्हात कंटाळा येतोच. पण टेप मागवतो.

आणि आपल्या मंडळाचे बघा. वार्षिक सभेत ठराव येतो, आपण आधी शेजारी बघतो, मग हात वर करतो आणि इतिवृत्तात लिहिले जाते, 'सर्वानुमते मंजूर'. (हशा) सचिव हसताहेत, म्हणजे खरे आहे.

तर आता जाण्याची इच्छा असणाऱ्यांसाठी शेवटचे. पैसे देऊ नका. गटाने अर्ज करा, आपले मंडळ हा चांगला गट आहे. आधार कार्ड घ्या, शाल घ्या, पोट भरून जा, वेळेआधी जा. म्हाताऱ्यांना वेगळे बसवले तर माझ्यासारखे भांडू नका, ते आपल्यापेक्षा नीट बसतात. कागद वाचून सही करा. आणि बटण हातात आले की शेजाऱ्याला विचारू नका. माहीत असेल ते दाबा. माहीत नसेल तर आपल्या मनाला वाटेल ते दाबा, त्याने कुणाचे बिघडत नाही. तुमच्यासाठी तो दहा सेकंदांचा खेळ असतो, समोर बसलेल्याचा कदाचित स्लॅब असतो.

गेल्या २६ नोव्हेंबरला कार्यालयात उद्देशिका वाचताना तारखेपाशी आलो आणि माझा आवाज जरा मोठाच लागला. शेजारच्या बाबूंनी विचारले, "क्या हुआ भिया?" मी म्हटले, "कुछ नहीं, याद कर रहा हूँ."

बाप्पा बुद्धीची देवता. त्याच्याकडे एवढेच मागू या, की बुद्धी दे आणि ती असताना शेजाऱ्याकडे बघायची वेळ आणू नको.

गणपती बाप्पा मोरया!